जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे: ट्युनिंगला वाव कुठल्या इंजिनात जास्त?

नवशिक्या_नट (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

बरीच वर्षं मनात घोळतंय ते आता करायचंच असं ठरवलंय. १९८५ ते २००५ या काळातली एक स्पोर्ट्स कार घ्यायची आणि सवडीने तिच्या इंजिनावर काम करत जायचं. रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, त्यामुळे मागची सीट, डिकी, मायलेज हे प्रश्न बाद.

लोक सहसा आधी गाडीच्या प्रेमात पडतात आणि मग इंजिनाचं काय करता येईल ते बघतात. मी उलट्या दिशेने यायचं म्हणतोय. आधी इंजिन ठरवायचं, मग ते ज्या गाडीत बसलंय ती शोधायची. सध्याची यादी: टोयोटा सुप्रा (ए८०), माझदा आरएक्स-७ (एफडी), होंडा एस२०००, बीएमडब्ल्यू एम३ (ई४६), पोर्श ९४४ टर्बो. निसान स्कायलाइन जीटी-आर मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण ती हाताला लागेलसं वाटत नाही.

पुढे ताकद वाढवायला सगळ्यात जास्त वाव कुठल्या इंजिनात आहे? टर्बोवालं (एक्झॉस्टच्या जोरावर जास्त हवा कोंबणारं) घ्यावं की साधं? माझी स्वतःची मजल ऑइल, प्लग, ब्रेक पॅड आणि एका गाडीचा क्लच बदलण्यापर्यंत. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

सहा_सिलिंडर

टूजेझेड, म्हणजे सुप्राचं इंजिन. धागा संपला. पुढचा काढा.

तिरकस_व्हॉल्व्ह

पहिल्याच प्रतिसादात टूजेझेड! एकदा तरी दुसऱ्या प्रतिसादापर्यंत थांबा की राव.

सहा_सिलिंडर

हसा लेको. कारणं देतो, मग बोला.

टूजेझेड-जीटीई म्हणजे ३ लिटर, ८६ मिमी बोअर, ८६ मिमी स्ट्रोक, बिडाचा ब्लॉक. सिलिंडरच्या भिंती वरच्या टोकाला ब्लॉकशी जोडलेल्या (क्लोज्ड डेक), त्यामुळे दाब कितीही वाढला तरी सिलिंडर जागचा हलत नाही. फोर्ज्ड क्रँक, सात मेन बेअरिंग, पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलचा फवारा, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.५. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं की कागदावर २८० पीएसच्या (जवळपास एचपीच) वर जायचं नाही. १९८९ पासून २००४ पर्यंत ते पाळलं गेलं, निदान माहितीपत्रकात तरी. म्हणजे इंजिन बांधलं एका हिशोबाने आणि विकलं दुसऱ्या. निर्यातीच्या सुप्रात वेगळे टर्बो आणि इंजेक्टर लावून हेच इंजिन ३२० च्या पुढे होतं.

मूळ टर्बो ठेवून एक्झॉस्ट मोकळा केला, बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवला की ४०० च्या आसपास जातं. एकच मोठा टर्बो आणि त्याला पुरेल एवढं इंधन दिलं तर आतलं काही न उघडता ६०० च्या वर चालणाऱ्या गाड्या जगभर आहेत. आणखी काय पाहिजे?

वंगण

सहा_सिलिंडर यांचा शब्दन् शब्द बरोबर आहे, आणि तरी धागाकर्त्याला त्यातलं फारसं कामाला येणार नाही.

इंजिनं उघडणं-बांधणं हा माझा धंदा आहे, म्हणून त्या बाजूने बोलतो. वाव मोजायचा म्हटलं की सगळे वरचं टोक बघतात. हे हजारापर्यंत जातं, ते बाराशेपर्यंत. तिथे जाणारे किती? मी गिऱ्हाइकाला वेगळं विचारतो: तुला जेवढी ताकद हवी आहे तिथे पोचेपर्यंत या इंजिनात पहिलं काय तुटतं, आणि ते तुटलं की सोबत काय काय घेऊन जातं?

उदाहरणार्थ आरबी२६. जीटी-आरचं इंजिन, २५६८ सीसी, बिडाचा ब्लॉक, सहा सिलिंडरला सहा स्वतंत्र थ्रॉटल. नाव घेतलं की लोक उभे राहतात. पण सुरुवातीच्या आर३२ पिढीच्या गाड्यांत क्रँकचा जो भाग ऑइल पंपाला फिरवतो तो अरुंद होता. आरपीएम लिमिटरवर वारंवार आदळलं की पंपाचा गिअर तडकतो, मग दाब शून्य, मग बेअरिंग, मग सगळंच. शिवाय बराच वेळ चढ्या आरपीएमवर ठेवलं की ऑइल हेडमध्ये साचतं, वेळेवर खाली उतरत नाही आणि संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) कोरडा पडतो. मूळ टर्बोची एक्झॉस्टकडची चाकं सिरॅमिकची, बूस्ट १ बारच्या पुढे ताणला की ती निखळतात. या सगळ्यावर उतारे आहेत आणि ते सगळ्यांना माहीत आहेत. पण ते आधी करायचे असतात. आधी कळस मग पाया केलेली आरबी२६ माझ्याकडे पाट्याच्या पाट्या भरून येतात.

निसान सिल्व्हिया / २००एसएक्सच्या एसआर२० ला वरच्या आरपीएमवर रॉकर आर्म जागचे उडण्याची खोड. सुबारूच्या टर्बो ईजे२५ मध्ये पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तडकते. एम३ च्या एस५४ मध्ये रॉड बेअरिंग. ९४४ मध्ये दोन नंबरच्या रॉडचं बेअरिंग आणि हेड गॅस्केट. पळसाला पाने तीनच, कमकुवत जागा नाही असं इंजिन नसतं. फरक एवढाच की काही ठिकाणी ती जागा एका दिवसात हाताला येते आणि काही ठिकाणी इंजिन खाली उतरवावं लागतं.

तिरकस_व्हॉल्व्ह

रॉकर आर्म उडाला की डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) वजन कमी झाल्याचा फायदा दिसतो का?

वंगण

दिसतो. बिलावर.

त्रिकोणी_रोटर

एफडी यादीत आहे म्हणून तोंड उघडतो, नाहीतर रोटरीवाल्यांनी (पिस्टनऐवजी फिरते रोटर असलेलं इंजिन) गप्प बसावं असा संकेत आहे.

१३बी-आरईडब्ल्यू म्हणजे ६५४ सीसीचे दोन रोटर, मिळून १३०८ सीसी, आणि पाठोपाठ जागे होणारे दोन टर्बो. सुरुवातीला २५५ पीएस, शेवटी २८०. लहानसं, हलकं इंजिन, पुढच्या चाकांच्या धुरीच्या मागे बसवलेलं. गाडी सुमारे पावणेतेराशे किलोची. वळणावर ती जे करते ते सुप्राने स्वप्नात बघावं.

वावही भरपूर आहे. पोर्ट घासून मोठे केले की श्वास मोकळा होतो, त्यासाठी कॅम-व्हॉल्व्हच्या भानगडी नाहीत, कारण ते मुळात नाहीतच. पण नॉकिंगला (इंधन अवेळी भडकून बसणारा ठोका) क्षमा नाही. पिस्टनच्या इंजिनात थोडं नॉकिंग झालं तर प्लग बघून, टायमिंग मागे घेऊन निभावता येतं. इथे एक जोरदार ठोका बसला की एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तडकतो, त्याचा तुकडा हाउसिंग ओरबाडतो आणि टर्बोच्या चाकांतून बाहेर पडतो. म्हणजे एका सीलपायी इंजिन आणि टर्बो दोन्ही.

घेताना कॉम्प्रेशन टेस्ट रोटरीच्या खास यंत्रावरच. साधा गेज फक्त सगळ्यात मोठा आकडा पकडून ठेवतो. रोटरला तीन बाजू, म्हणून एका फेरीत तीन ठोके आणि तीन आकडे. दोन चांगले आणि एक पडलेला असला तर साधा गेज दोन चांगल्यांकडे बघून खूश होतो. तुम्हाला सहाही आकडे हवेत, तेही इंजिन तापलेलं असताना, आणि स्टार्टर किती आरपीएमने फिरवत होता त्या नोंदीसकट. विकणारा म्हणाला की ‘थंड असताना छान सुरू होते’, तर म्हणायचं गरम करा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि आता सुरू करा. दमलेली रोटरी तिथेच सापडते.

संथ_वाहिनी

त्रिकोणी दादा, इतकं सगळं लिहून तुम्ही घ्या म्हणताय की घेऊ नका?

त्रिकोणी_रोटर

ताई, मला माहीत असतं तर माझ्याकडे दुसरी असती का?

रेडलाईन

सगळे टर्बोच्याच मागे लागलेत. एस२००० चा एफ२०सी: १९९७ सीसी, टर्बो नाही, जपानात २५० पीएस आणि बाहेर २४०, नऊ हजारापर्यंत फिरतो. साधारण सहा हजाराच्या अलीकडे व्हीटेकचे (होंडाची कॅम बदलणारी यंत्रणा) मोठे कॅम लागतात आणि तिथून आवाजच बदलतो. या इंजिनाला वाढवण्याची गरजच काय?

मोजपट्टी

@रेडलाईन, तेच तर त्याचं दुखणं आहे. धागा वाव विचारतोय.

एफ२०सी लिटरमागे १२० पीएसच्या वर देतो. होंडाने त्यातलं जेवढं पिळायचं तेवढं पिळून झालेलं आहे. इनटेक, एक्झॉस्ट, मॅप (कॉम्प्युटरमधली इंधन-टायमिंगची मांडणी) सगळं बदललं तरी हाती लागतं ते हळद लागण्यापुरतं. एस५४ चं तेच: ३२४६ सीसी, ३४३ पीएस, लिटरमागे शंभराच्या वर. ही इंजिनं उत्तम आहेत यात वाद नाही, पण कारखान्यातूनच ट्यून होऊन आलेली. पुढे जायचं तर सुपरचार्जर किंवा टर्बो. आणि ११ च्या कॉम्प्रेशनवर बूस्ट द्यायचा तर चांगलं इंधन, थंड हवा आणि मॅप करणाऱ्याची नजर, तिन्ही पाहिजेत.

डायनोवर गाड्या चढवणं हे माझं रोजचं काम. दोन गोष्टी सांगतो, त्या इंजिन निवडताना कोणी सांगत नाही.

पहिली. बूस्टचा आकडा म्हणजे हवेचं माप नाही. गेज दाखवतो तो इनटेकमधला दाब, म्हणजे टर्बो ढकलतोय आणि इंजिन गिळू शकत नाहीये त्याची तक्रार. छोट्या टर्बोचा १ बार आणि मोठ्या टर्बोचा १ बार यांत प्रत्यक्ष जाणारी हवा वेगळी, तिचं तापमान वेगळं. हेडचे पोर्ट मोकळे केले, कॅम बदलले की बूस्ट कमी दिसतो आणि ताकद वाढते. म्हणून ‘या इंजिनाला दीड बार झेपतो’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या टर्बोवर, कुठल्या इंधनावर, किती टायमिंगवर?

दुसरी. आलेखाचं शिखर बघू नका, पोट बघा. ६०० एचपीची सुप्रा साडेचार हजारापर्यंत झोपलेली असते आणि मग एकदम दार उघडून ढकलून देते. सरळ रस्त्यावर मजा. वळणातून बाहेर पडताना अर्धा थ्रॉटल मागितला आणि टर्बोने उशिरा पूर्ण दिला, तर गाडी आणि चालक दोघं गोल फिरतात. ट्रॅकवर ३०० एचपीची सरळ भरत जाणारी गाडी अशा ५०० वालीला हसतहसत मागे टाकते.

सहा_सिलिंडर

टर्बो योग्य मापाचा निवडला तर साडेचार हजारापर्यंत थांबायची गरज नसते. लोक पोस्टर बघून टर्बो घेतात त्यात इंजिनाचा काय दोष?

मोजपट्टी

दोष नाहीच. पण योग्य मापाचा टर्बो लावला की तुमचे ६०० चे ४५० होतात. मग त्या राखीव वावाचं काय करायचं? लोणचं?

सहा_सिलिंडर

राखीव वाव म्हणजे निर्धास्तपणा. ४५० वर चालणाऱ्या टूजेझेडला घामही येत नाही. गरमीच्या दिवशी मॅप जरा चुकला, इंधन हलकं मिळालं, तरी ब्लॉक आणि क्रँक पोटात घालतात. हीच गोष्ट ४५० च्या एसआर२० कडून करून दाखवा.

वंगण

हा मुद्दा मान्य, आणि धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. मोठ्या वावाचा खरा उपयोग वर जाण्यात नाही, खाली राहण्यात आहे. जिथे इंजिन ७०० सोसतं तिथे ४०० वर चालवणं म्हणजे रात्री शांत झोप.

फक्त ब्लॉक आणि क्रँक पोटात घालतात हे खरं. पिस्टनच्या रिंगा आणि हेड गॅस्केट घालत नाहीत. जोरदार नॉकिंग कुठल्याच इंजिनाला माफ नाही. प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या पोर्सलीनवर मिरपुडीच्या कणांएवढे, चकचकीत राखाडी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. हे ठिपके टूजेझेडच्या प्लगवरही तितकेच सुंदर दिसतात.

पुशरॉड

कोणीच एलएस१ म्हणालं नाही याचं नवल वाटलं. शेव्हरोले कॉर्व्हेट सी५, १९९७ पासून. ५.७ लिटर व्ही८, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ एचपी, बूस्टची भानगड नाही. कॅम एकच, तोही ब्लॉकच्या पोटात, त्यामुळे एक कॅम आणि त्याला साजेशा स्प्रिंगा बदलल्या की स्वभावच पालटतो. हेडही बदलले की मूळ खालचा भाग तसाच ठेवून ४५० च्या घरात पोचणाऱ्या गाड्या सर्रास आहेत. पोट म्हणाल तर पंधराशेपासून भरलेलं. मोजपट्टी साहेबांच्या कसोटीला हेच उतरतं.

रेडलाईन

५.७ लिटर घेऊन ताकद काढणं म्हणजे शिडी लावून आंबे काढणं. त्यात ट्युनिंग कुठे आलं?

पुशरॉड

आंबे पडले ना खाली? आणि माहितीसाठी, ते पूर्ण इंजिन आकाराने तुमच्या आवडत्या ट्विनकॅम व्ही८ पेक्षा लहान भरतं, कारण डोक्यावर चार कॅमचा संसार नाही. म्हणून तर लोक एफडीमध्येसुद्धा घालतात.

त्रिकोणी_रोटर

या वाक्यासाठी संपादकांकडे तक्रार करतोय.

बोनेट_उघडा

माझं मत मित्सुबिशी इव्होला. ४जी६३, २ लिटर, बिडाचा ब्लॉक, इव्हो १ पासून ९ पर्यंत, म्हणजे १९९२ ते २००७, सुधारत सुधारत गेलेलं इंजिन. सुटे भाग, माहिती, मॅप सगळं उपलब्ध.

रेडलाईन

चार दारांची गाडी स्पोर्ट्स कार कधीपासून झाली?

बोनेट_उघडा

ओल्या रस्त्यावर तुमची एस२००० आरशात दिसायची बंद होते तेव्हापासून.

तिरकस_व्हॉल्व्ह

मोक्याची जागा पकडून बसलोय. दारं मोजून झाली की सीटा मोजू.

*(संपादक: दारांच्या संख्येवरचे पुढचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)*

संथ_वाहिनी

मूळ प्रश्नाकडे येऊ का? धागाकर्त्यांच्या यादीत नसलेली गाडी सुचवते, सगळे हसतील. माझदा एमएक्स-५, पहिली पिढी.

१९८९ ची १.६, जेमतेम ११५ एचपी. वजन टनाच्या आत. या इंजिनात अफाट वाव नाही. बिडाचा ब्लॉक आहे, आतले भाग धट्टेकट्टे आहेत, छोटा टर्बो आणि शहाणा मॅप लावला तर २०० च्या आसपास बरीच वर्षं चालतं. पुढे गेलात की रॉड वाकण्याची भीती. पण हजार किलोला २०० म्हणजे किती, ते पंधराशे किलोच्या सुप्राला ३०० लावून बघा, हिशोब सारखाच येतो. फरक असा की ब्रेक, टायर, क्लच सगळं लहान आणि हलकं, त्यामुळे प्रत्येक पायरीला खर्च आणि मेहनत कमी.

दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकचं पुढचं नाक आखूड आहे, तिथली चावी झिजली की पुली डगमगते. आणि १.६ चा मूळ डिफरन्शियल टर्बोपुढे टिकत नाही, नंतरच्या १.८ चा बसवतात. गिअरबॉक्सही टॉर्कला बुजरा आहे. माझ्या गाडीत मी इंजिनाला हात लावायच्या आधी रेडिएटर, होस आणि डिफरन्शियल बदलले. मैत्रिणी म्हणाल्या, एवढं करून गाडी तेवढीच पळते? तेवढीच पळत होती. पण नंतर टर्बो लावला तेव्हा काही फुटलं नाही.

मोजपट्टी

+१. ताईंनी जो क्रम सांगितला तो चौकटीत टाकून भिंतीवर लावावा. आधी थंड ठेवणं, मग थांबणं, मग इंधन, मग मोजमाप (वाइडबँड लॅम्बडा म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर, ऑइलचा दाब, नॉक ऐकायची सोय), आणि सगळ्यात शेवटी ताकद. माझ्याकडे येतात ते नेमके शेवटून सुरू करून.

इंधनाच्या बाबतीत एक: ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) मिळत असेल तर नॉकिंगला मोठा आळा बसतो, पण सारख्या ताकदीला साधारण ३० टक्के जास्त इंधन लागतं. म्हणजे पंप आणि इंजेक्टर दोन्ही मोठे. वीस-तीस वर्षं जुन्या पाइपांचे रबरही तपासा, प्रत्येक जुनं रबर इथेनॉल सोसतंच असं नाही.

गिअर_गाळणारा

गिअरबॉक्सचं कोणीच बोलत नव्हतं, बरं झालं निघालं. सुप्रा टर्बोचा सहा गिअरचा गेट्राग व्ही१६० म्हणजे तटबंदी. पण विना-टर्बो सुप्राचा पाच गिअरचा डब्ल्यू५८ त्या वंशातला नाही. ‘सुप्रा आहे ना, मग झालं’ म्हणून विना-टर्बो घेऊन टर्बो लावणारे तिथेच अडतात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

नवशिक्या_नट

मंडळी, दंडवत. धागा काढला तेव्हा वाटलं होतं पाच-सहा नावं मिळतील. इथे तर डोकं गरगरायला लागलं.

मोजपट्टी आणि संथ_वाहिनी यांचं वाचून माझंच मला स्पष्ट झालं की मला ६०० नको आहेत. ट्रॅकवर न्यायची आहे, ३०० च्या आसपास मी खूश. आणि काम शक्य तेवढं स्वतः करायचंय.

सध्या दोन गाड्या समोर आहेत:

अ) सुप्रा विना-टर्बो (टूजेझेड-जीई), आधीच्या मालकाने टर्बो लावलेला. तो ४०० एचपी म्हणतोय, डायनोचा कागद नाही, मॅप कोणी केला ते आठवत नाही. बाहेरून चकचकीत.

ब) ९४४ टर्बो, २२० पीएसवाली, पूर्ण मूळ स्थितीत. रंग उडालेला, डॅशबोर्डला चिरा, पण कामाच्या नोंदी आहेत. टायमिंग बेल्ट मागच्या वर्षी बदलल्याची पावती दाखवली.

मन अ कडे ओढतंय, हे सांगायला नकोच.

वंगण

ब.

कारण देतो. जीई चं मूळ कॉम्प्रेशन १०, जीटीई चं ८.५. जीई वर टर्बो नीट चालतो, अनेकांनी चालवलाय, पण चूक सोसायची जागा कमी राहते. मॅप करणारा कोण हे ‘आठवत नाही’ म्हणजे त्या इंजिनाने आजवर किती ठोके खाल्ले ते फक्त पिस्टनला माहीत. दुसऱ्याने अर्धवट केलेलं काम निस्तरणं हे नव्याने करण्यापेक्षा अवघड असतं. वायरिंगमध्ये कुठे काय जोडलंय ते शोधण्यात तुझा उत्साह संपेल.

९४४ टर्बो हे २४७९ सीसीचं चार सिलिंडर, १०० मिमीचा बोअर, आठच व्हॉल्व्ह. पोर्शने १९८८ ला टर्बो एस मध्ये त्याच मापाच्या इंजिनातून २५० पीएस काढले, म्हणजे तिथवरची वाट कारखान्यानेच मोकळी करून ठेवली आहे. पुढे चिप, चांगला वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप), एक्झॉस्ट यांवर २८०-३०० पर्यंत जाता येतं, मूळ इंजिन न उघडता. तुझं ध्येय आणि या इंजिनाची सुखाची मर्यादा जवळजवळ एकाच जागी आहेत. शिवाय गिअरबॉक्स मागच्या धुरीवर, त्यामुळे वजन दोन्हीकडे सारखं वाटलेलं. ट्रॅकवर कळेल.

सहा_सिलिंडर

अ वाली सोड, इथे मी वंगण यांच्या बाजूने. पण खरी जीटीई मिळेपर्यंत थांबलास तर आयुष्यभराचा प्रश्न मिटेल, एवढं बोलून गप्प बसतो.

तिरकस_व्हॉल्व्ह

सहा_सिलिंडर गप्प बसणार! याची नोंद घ्या रे कोणीतरी.

गिअर_गाळणारा

‘क्लच बदलण्यापर्यंत मजल’ म्हणालास ना? ९४४ मध्ये क्लच पुढे आणि गिअरबॉक्स मागे, मध्ये टॉर्क ट्यूब. क्लच बघायचा तर एक्झॉस्ट खाली, गिअरबॉक्स खाली, ट्यूब मागे. पुढची बरीच रात्र तुझी आहे.

नवशिक्या_नट

@गिअर_गाळणारा, धीर दिल्याबद्दल आभार.

ब वालीच बघायला रविवारी जातोय. वंगण काका, बघताना नेमकं काय काय बघू?

वंगण

बेल्टच्या पावतीवर दोन बेल्ट आहेत का बघ. कॅमचा वेगळा, बॅलन्स शाफ्टचा वेगळा. रोलर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलले का तेही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, त्यामुळे पावतीवर संशय असेल तर घरी आणल्यावर पहिलं काम तेच, इंजिन त्याआधी ताणायचं नाही.

कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बोट फिरव. तपकिरी, मेणचट थर लागला तर ऑइल कूलरची सीलं गेलीत किंवा हेड गॅस्केट. पहिलं असेल तर निभावतं, दुसरं असेल तर भाव बदलतो. कुठलं ते लीकडाउन टेस्टने कळेल. सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट.

दोन नंबरच्या रॉडचं बेअरिंग बाहेरून दिसत नाही. गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दाब बघ आणि तीन हजारावर बघ. मालक परवानगी देईल तर फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का पाहा. नाही दिली तरी गाडी घेतल्यावर संप उतरवून रॉड बेअरिंग बदलणं हे मी बूस्ट वाढवायच्या आधीचं काम धरतो.

आणि ‘पूर्ण मूळ स्थिती’ खरी आहे का बघ. या गाड्यांवर कधीतरी कोणीतरी चिप बदललेली असतेच. पोर्शने नॉक ऐकून टायमिंग मागे घेणारा आणि बूस्ट उतरवणारा वेगळा कंट्रोलर दिलाय, केएलआर म्हणतात. बाजारातल्या काही जुन्या चिपांमध्ये ते रक्षणच बोथट करून टाकलेलं असतं.

संथ_वाहिनी

माझी एक भर: आदल्या दिवशी फोन करून मालकाला सांगा की तुम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर गप्पा मारायच्या आधी बोनेटवर हात ठेवा.

नवशिक्या_नट

आत्ताच फोन केला. ‘थंड कशाला, मी गरम करून ठेवतो ना’ म्हणाला.

तिरकस_व्हॉल्व्ह

आलं का उत्तर!

वंगण

लगेच निष्कर्ष काढू नको, बरेच भले मालकही पाहुणचार म्हणून असं करतात. शनिवारी संध्याकाळी परत फोन कर आणि स्पष्ट सांग. तरीही रविवारी बोनेट गरम लागलं तर त्या दिवशी सगळं बाकीचं बघून घे, आणि थंड इंजिन बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. प्लगचे फोटो इथे टाक.